खेचर थांबू नये

साडेदहा हजार फुटांवर झाडं बुटकी होतात,
मग आडवी,
मग नसतातच.
पुढे नुसता ग्रॅनाइट, आणि त्यावर
कुणीतरी रचलेले तीन-तीन दगड :
इकडून जा.

नकाशात ह्या तळ्याला नाव नाही, फक्त उंची लिहिलीय.
आमच्या घरी त्याला बेर्नातचं तळं म्हणत.
बेर्नात म्हणजे माझा ऐतोना, आईचा बाप.
पिरेनीजमधून मेंढ्यांमागे सिएराच्या ह्या उतारावर आला,
मेंढ्या संपल्या तसा खेचरांकडे वळला.

एका जुलैत मत्स्यखात्यानं त्याच्या हवाली केले
दुधाचे चार कॅन.
आत ओढ्याचं पाणी, पाण्यात ट्राउटची पिल्लं,
पेराएवढी, मोजून नव्हे, वजनावर दिलेली.
तोंडाला ओलं गोणपाट.
आणि सूचना एकच :
खेचर थांबू नये.
ते चालतं तोवर पाणी हिंदकळतं,
हिंदकळतं तोवर त्यात श्वास असतो.

चौदा मैल तो थांबला नाही.
पाव-चीज चालताचालता खाल्लं.
लघवीसुद्धा चालताचालताच केली म्हणे
(इथे आई नेहमी विषय बदलायची).
खिंडीत गारा आल्या, डचेस खेचरीण हटून बसली,
तेव्हा कॅन उतरवून त्यानं दोन्ही हातांनी हलवले,
एकेक, आळीपाळीनं,
रडकं पोर हलवावं तसे,
आभाळ मोकळं होईपर्यंत.

मी मात्र दर वळणाला थांबते.
गुडघा आहे, वय आहे,
आणि पाठीवर जाळं आहे,
घडी घातलेलं, उशीएवढं.
खातं तेच, फक्त शिक्का बदललाय.
इथे आधी बेडूक होते, पिवळ्या पायांचे.
माशांनी त्यांची पिल्लं संपवली.
आता मासे काढायचे, बेडूक आणून सोडायचे.
बरोबरच आहे ते.
अर्ज मी स्वतःहून केला होता.

बरोबरचा ओडेल बावीस वर्षांचा, न धापता चढतो.
विचारतो, हे मासे वर आणले कुणी?
खात्यानं, मी म्हणते.

शेवटच्या दगडावर हात टेकला
की तळं एकदम समोर.
एवढंसं. पलीकडे हाक मारली तर ऐकू येईल.
एका कडेला मळकं बर्फ, अजून वितळायचंय.
आणि वर येणारी ती वर्तुळं,
एक, मग तिकडे एक,
जणू पाऊस पडतोय आणि आपल्यालाच दिसत नाहीये.

संध्याकाळी जाळं सोडलं.
रात्रभर थंडीनं तंबू कडक झाला.

सकाळी एकेचाळीस.
डोकी मोठी, अंगं बारीक,
सत्तर वर्षं पोटभर न खाल्लेलं घराणं.
गळ्याखाली तरी तो नारिंगी वार, कुलचिन्हासारखा.
ओडेल वहीत लांबी लिहीत होता, मी सांगत होते :
एकोणीस सेंटिमीटर. अठरा. पुन्हा अठरा.

एक जिवंत निघाला.
बादलीत टाकला, त्याची नोंद वेगळी करायची असते.

काय करतेयस? ओडेल म्हणाला.

बघितलं तर माझ्या हातातली बादली हलत होती.
डावीकडे, उजवीकडे,
पाणी काठाला लागत होतं,
माझी बाही कोपरापर्यंत भिजलेली.
किती वेळ, कोण जाणे.

थांब, म्हणाला नाही तो.
वही दगडाखाली ठेवून
दुसरं जाळं ओढायला गेला.