गोणीसकट

जुन्या बाजारात रविवारी
साडेसहाला पोचलात तर बॅटरी लागते हातात,
साडेआठला पोचलात तर ऊन, आणि उरलंसुरलं.
मी सातला पोचतो.
खिशात सहाशे. मोज्यात पीएमटीचे वीस,
त्यांना काहीही झालं तरी हात लावायचा नाही.

जमनाबेनच्या ताडपत्रीवर
मिक्सरचं झाकण, एकाच पायाचा स्केट,
कुणाच्या तरी मुंजीची व्हिडिओ कॅसेट,
आणि युरियाच्या गोणीत गेमच्या कॅसेटी.
मी वाकून चार बऱ्यापैकी बाजूला काढल्या.
तिने त्या उचलून परत आत टाकल्या.
"निवडायचं नाय. घ्यायचं तर गोणीसकट."

आठशेपासून सुरू झालं.
मी दोनदा उठून गेलो, दोनदा पाणी प्यायलो.
नळ एकच आहे तिथे, आणि तिला तो दिसतो.
पाचशे ऐंशी.
गोणी मात्र धुऊन परत आणायची.

गच्चीवर पेपर पसरून मोजल्या: त्रेचाळीस.
शिवाय एक मेलेलं झुरळ, एक पासपोर्ट फोटो.
खोडरबराने पट्ट्या घासायच्या,
मग स्पिरिट, मग कान कोरायच्या कापसाच्या काड्या.
फुंकर मारायची नाही, थुंकीने गंज चढतो.
लहानपणी आपण फुंकरच मारली सगळ्यांनी
आणि चालू झालं की श्रेय फुंकरीला.

'एकात नऊ लाख' असं छापलेल्या सहा.
प्रत्येकीत तेच सात खेळ, गाडीचा रंग तेवढा वेगळा.
क्रिकेटच्या अकरा.
चालल्या एकोणीस. गेलेल्या चोवीस.
म्हणजे एक चालू कॅसेट तीस रुपये बावन्न पैशांना.
ऋजुता म्हणाली,
मेलेल्यांचा खर्च तू जिवंतांच्या अंगावर टाकतोस.
मग कुणाच्या टाकू?

एकोणीसमध्ये एक करडी. अस्सल. कुणाच्या तरी मामाने दुबईहून आणलेली असणार.
तलवारी, गुहा, गावं, असला लांबलचक खेळ.
आत तीन जागा.
पहिलीत निनाद: चार तास.
दुसरीत, इंग्रजी अक्षरांत, आई:
एकसष्ट तास, बारा मिनिटं.
तिसरी रिकामी.

उघडली.
एका गावात, विहिरीपाशी उभी होती.
गाठीला नऊ हजार नऊशे ब्याण्णव नाणी,
आणि हातात अजून सुरुवातीची लाकडी काठी.
दुकान चार पावलांवर.
एकसष्ट तास राक्षस मारले बाईने
आणि एक तलवार घेतली नाही.

हिला कोथरूडचं गिऱ्हाईक होतं, नऊशे रुपयांचं.
पण आतला सेल संपत आलेला.
सेल काढला की विहीर, नाणी, सगळं पुसतं.
नाही काढला तर आपोआप पुसतं, दिवाळीपर्यंत.
तिसरा रस्ता एकच:
खेळ चालू ठेवायचा, कॅसेट उघडी,
आणि वाहत्या विजेत डाग द्यायचा.
गुरुवारी वीज जाते आमच्याकडे, म्हणून शुक्रवार धरला.
रात्री दोनला पंखा बंद केला, श्वाससुद्धा अर्धाच.
जुना सेल सुटला. पडदा एकदा थरथरला.
नवा बसला.
ती विहिरीपाशीच होती.

गिऱ्हाइकाला अजून फोन केलेला नाही.

पुढच्या रविवारी धुतलेली गोणी घेऊन गेलो.
विचारलं, हा माल कुठून आला होता?
जमनाबेनने गोणी आधी उन्हाला धरून पाहिली.
"बिबवेवाडी. भांड्यावर घेतला.
मी पातेलं देत होते, ती म्हणाली डबा.
डबा दिला तर म्हणाली, झाकणाला कडी पाहिजे.
दीड तास, भाऊ. दीड तास घासाघीस.
शेवटी कडीचा डबा दिला, वर दोन वाट्या.
अशी चिवट बाई आख्ख्या पुण्यात नाय."

मी मोज्यातले वीस चाचपले.
तिच्या पलीकडे आज अजून एक गोणी होती, तोंड बांधलेली.