शिवून घेतलेला कोट

ग्रिम्सबी. मंगळवार. संध्याकाळचा वर्ग.
मिस पिकर्सगिल फळ्यावर लिहितात:
‘आय हॅड माय कोट मेंडेड.’
म्हणजे मी शिवला नाही हं, त्या हसतात,
शिवून घेतला.

कोणाकडून?
ते वाक्यात नसलं तरी चालतं.

दांगुओलेची पेन्सिल थांबते.
खुर्चीच्या पाठीवर तोच कोट,
खिशाच्या कडेला उलटी टीप,
राखाडी दोरा अर्ध्यावर संपला
म्हणून पुढे जरा गडद.
मागचा गुरुवार. सहा पौंड.
बाई दुकानात आल्या नव्हत्या, कुणाकरवी पाठवला होता.

आता ‘मेक’ वापरून तुम्ही सांगा, दांगुओले.

ती मान हलवते.
वहीत ‘हॅड’चंच वाक्य पुन्हा उतरवते
आणि शेवटी पूर्णविराम देते,
गाठ मारतात तसा,
दोनदा.