क्ष उणे तीन

व्हॉलीबॉलचं जाळं गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं
आणि फरशीवर खडूने दोन अक्ष आखले.
नारीनच्या आमच्या शाळेत जानेवारीत
हॉलची भट्टी अकराशिवाय तापत नाही,
म्हणून मुलं कोट-टोप्यांसकटच आलेख झाली.

सात जणांच्या गळ्यात सात पुठ्ठे,
उणे तीनपासून तीनपर्यंत.
आपल्या आकड्याचा वर्ग करा, म्हटलं,
आणि तितक्या फरश्या पुढे जा.
सगळ्यांच्या हातात एकच दोरी, घोड्याच्या केसांची,
नुरजातच्या आजोबांची,
तिला अजून तबेल्याचा वास.
शून्यावर बेगिमाय. दोरीचा झोल तिच्या पोटाशी.
उरलेल्यांचे दोन गट:
एक हुकूम सोडणारा, एक चुका मोजणारा.
चुका मोजणाऱ्यांचा उत्साह दांडगा.

अधिक दोन!
अख्खा अन्वस्त दोन पावलं पुढे. यात काय विशेष.
मागे या. आता दुप्पट!
एकाचे दोन झाले, चाराचे आठ,
नवाचे अठरा व्हायचे होते आणि हॉल संपला होता.
तिलेकने दोरी सोडली, दार उघडलं,
बर्फात पावलं मोजत गेला
आणि बाहेरून ओरडला, अठरा!
पलीकडच्या टोकाला कुबातच्या समोर दार नव्हतं.
भिंतीला नाक लावून तो म्हणाला,
मी पलीकडे आहे असं समजा.

बेगिमाय जागची हलली नाही.
चुका मोजणाऱ्यांनी तिच्यावर बोटं रोखली.
शून्याची दुप्पट किती रे, तिने विचारलं.
बोटं खाली.

मग मी म्हटलं: वर्ग करण्याआधी, कंसात, क्ष उणे तीन.
सातही जण डावीकडे सरकले,
झरझर, एकदिलाने, चूक.
उजवीकडे, मी म्हटलं,
आणि हॉलमध्ये बंड झालं.
उणे, आणि उजवीकडे?
एजे, पुस्तकात छापताना चुकलंय, तिलेक म्हणाला,
त्याच्या टोपीवरचा बर्फ वितळत होता.

चौदा वर्षं मी एकच उत्तर देत आले आहे:
कंसाच्या आत सगळं उलटं, घोकून टाका.
या वेळीही तेच दिलं,
फक्त फरशीकडे बघत.

बेगिमायने दोरी खाली ठेवली.
माझी आई मॉस्कोत आहे, म्हणाली, गोदामात.
मी सहाला उठते. तीही सहालाच,
पण तिचे सहा वाजतात तेव्हा आपल्या घड्याळात नऊ.
आपल्या नवाला ती काय करते हे कळायला
मी नवातून तीन वजा करते
आणि तेव्हा मी काय करत होते ते आठवते.
वजाबाकी आठवण्यापुरती.
तिची सकाळ उशिराच येते, एजे.
उजवीकडे.

कुणी हसलं नाही.
कुणाकुणाची माणसं तीन तास उजवीकडे आहेत
ते मी विचारलं नाही, हजेरीपटात तसा रकानाही नाही.
कुबातने आधी पाऊल उचललं, मग ऐझादाने,
मग दोरी आपोआप सरकत गेली
आणि तीनच्या रेघेवर बेगिमाय उभी राहिली.

तास संपला. टाचणवहीत लिहिलं,
साधने: खडू, पुठ्ठे, दोरी.
पद्धत या शब्दापुढे बराच वेळ पेन टेकवून बसले.

मुलं जाळं पुन्हा बांधत होती
तेव्हा बाराच्या ठोक्याला एका कोटाच्या खिशात फोन वाजला.
शाळेत फोनला बंदी आहे.
मी पाठमोरी झाले, खडू पुसत राहिले.
तिकडे नऊ, चहाची सुट्टी.