नावाचा तुकडा चालेल

कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
ज्याला मी कधी भेटणार नाही त्याच्यासाठी लिहितेय:
हे साधन औषधांच्या कोठारात शोध घेतं.
एजंट म्हणतात त्याला. विम्याचा नव्हे.
त्याला डोळे नाहीत, पाय दुखत नाहीत,
माझं वाक्य जेवढं सांगेल तेवढंच त्याचं दुकान.

नाव: अनिवार्य.
मात्रा: ऐच्छिक.
किती निकाल हवेत: न सांगितल्यास दहा.

इथपर्यंत सोपं होतं.
मग 'नाव' या शब्दापुढे कर्सर लुकलुकत राहिला
आणि मी गोळे कॉलनीत जाऊन उभी राहिले,
सहा वर्षं जिथे उभी होते तिथेच,
लोखंडी कपाट आणि काउंटर यांच्यामधल्या दीड फुटात,
पुंजाराम आहेरांच्या डाव्या हाताला.
डॉक्टरांचं अक्षर ते वाचायचे नाहीत, ओळखायचे,
बांधावरून लांबचा माणूस चालीवर ओळखावा तसं.

एकदा सुरगाण्याहून एक बाई आली, सकाळच्या एसटीनं.
पदराच्या गाठीत रिकामी पट्टी.
गोळ्या फाडता फाडता नावही संपलेलं.
चांदीच्या कागदावर उरलं होतं एवढंच:
…वोरल ५

निवोरल, मी म्हटलं.
हात कपाटापर्यंत गेलाही होता.
काकांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघितलं.
"कोणासाठी?"
"पोरासाठी."
"केवढं आहे?"
तिनं तळहात धरला हवेत, काउंटरच्या कितीतरी खाली.
काकांनी चष्मा काढला.
चष्मा काढला की समजायचं,
आता हा माणूस 'माहीत नाही' म्हणणार
आणि गिऱ्हाईक गेलं तरी म्हणणार.

सुरगाण्याला फोन लागायला पाऊण तास गेला.
निवोरल नव्हतंच ते. देवोरल होतं.
तेवढ्यात चहा आला होता.
तिनं बशीत ओतला आणि कप माझ्याकडे सरकवला,
माझ्याकडे.

म्हणून वर्णनात लिहिते:
नावाचा तुकडा चालेल.
तुकड्याला एकाहून जास्त औषधं जुळली
तर शक्यतो पहिलं उचलू नये.
पहिलं म्हणजे बरोबर नव्हे,
पहिलं म्हणजे फक्त अकारविल्हे आधी.
यादी रिकामी आली तर बिघाड समजू नये.
रिकामी यादी हेही उत्तर आहे, ते तसंच द्यावं,
पदरचं काही घालू नये.
आणि कोणासाठी, ते विचारावं.

पुण्याहून ईशानचा निरोप: छान, पण लांबलंय.
प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात, दर वेळी पडतात.
शेवटची ओळ काढ. विचारणं हे साधनाचं काम नाही.
खरं आहे त्याचं.
कपाटानं कुणाला काय विचारावं?
ओळ काढली.

उदाहरणं दोन द्यायची होती.
पहिलं सगळे देतात तसं दिलं, पूर्ण नाव, पूर्ण मात्रा.
दुसऱ्यात भरलं:
नाव, वोरल. मात्रा, पाच. निकाल, दोन.
पुढची पायरी: "कोणासाठी?"
उदाहरणं ईशान वाचत नाही.

रात्री चाचणी.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, ती घेत नाहीये.
तीन वेळा त्यानं पहिलंच उचललं,
ठामपणे, अगदी माझ्यासारखं.
मी वर्णन पुन्हा वाचलं
आणि 'शक्यतो' खोडला.
चौथ्या वेळी काळ्या पडद्यावर ओळ उमटली:
दोन औषधं जुळतात. हे कोणासाठी आहे?

काका आता मखमलाबादला असतात, मुलीकडे.
मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत.
रविवारी जाऊन वाचून दाखवीन म्हणते.
ऐकून घेतील, चष्मा पुसतील, मग विचारतील,
पोरगा बरा दिसतोय,
कुणाच्या हाताखाली शिकला?