पाऊणपट

आम्ही नऊ जण. अलिबागच्या कोर्टामागची खोली,
एक माठ, एक पितळी पेला, दाराला बाहेरून कडी.
जानू पेरेकराचं म्हणणं एवढंच होतं, की
कारकून धक्क्यावरून पडला तेव्हा
मी खाडीच्या मधोमध, होडीत, जाळ्यापाशी.
वेळ मध्यरात्रीची.

तिथी कुणीच विचारली नव्हती.
सरकारी वकिलानं नाही, त्याच्या वकिलानंही नाही.
माझ्या खिशात पंचांग होतं.
बावीस वर्षं मिठागरावर मुनीम मी,
पेल्यातलं पाणी टेबलावर सांडलं
आणि बोटानं मांडून दाखवलं:
वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट सहा.
सहाला भरती, तर बाराला सुकती.
"होडी चिखलात रुतली असती. खोटं बोलतोय."

हसन पटेल तेवढे कुरकुरले,
"हे तिकडं कुणी सांगितलं नाही."
"समुद्राला काय शपथ घालायची?" मी म्हटलं.
सगळे हसले. माठाजवळचे पेंटरसुद्धा,
जे सकाळपासून गप्प होते.
सात विरुद्ध दोन.
टेबलावरचा आकडा तोवर वाळला होता.

पटेल म्हणे कुणाजवळ तरी बोलले.
अपिलात निकाल फिरला. वकिलानं मला उलगडून सांगितलं:
जो साक्षीदार पिंजऱ्यात उभाच राहिला नाही
त्याला आरोपीनं काय विचारायचं?
मला राग आला.
गणित तर बरोबर होतं.

फेरसुनावणीत जानूला पहिल्यांदा विचारलं,
"त्या रात्री बाराला सुकती होती ना?"
"होती," तो म्हणाला. "भांगाची."

भांगाची.
अष्टमीचं पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही,
खाडीत कंबरभर राहतंच,
होडी तरंगते.
आणि हे मला ठाऊक नव्हतं?
मिठागराची फळी मी कधी
अष्टमीला उघडली नाही.
त्या खोलीत नऊ माणसं होती,
"भांगाची" म्हणणारं माणूस
कडीच्या पलीकडं, दोन शिपायांच्या मध्ये.

चौदा महिन्यांनी सुटला.
बाजारात त्याची बायको बसते, कधीमधी तो.
मी दुसऱ्या अंगानं निघालो होतो.
बोंबलांवरची माशी वारत, वर न बघता, म्हणाला,
"मुनीम, आज तिथी कुठली?"

दोन आण्यांचे घेतले.
त्यानं मोजून दिले, एकही जास्त नाही.