वजा अंगठा

तुंजायने अंकाऱ्याहून मळणीचं मशीन आणलं
आणि सांगितलं, याला फक्त ग्रॅम कळतात.
तुंजायला तेही कळत नाहीत, पण दुकान आता त्याचं.

म्हणून रिफ्की उस्तांची वही माझ्या पुढ्यात.
लोणी पिऊन पारदर्शक झालेली पानं
आणि पानोपानी ग्लास:
पाण्याचा ग्लास, चहाचा ग्लास,
कॉफीचा पेला, ‘तो निळा पेला’.
निळा कुठला, ते सिनोपमध्ये आता कुणाला विचारावं?

सोमवारी भट्टी थंड असते. काटा घेऊन बसले.
एक ग्लास पीठ: एकशे पंचवीस.
तोच ग्लास, तेच पोतं, तोच हात: एकशे अडतीस.
चाळून, वरून भुरभुरवत सोडलं तर एकशे दहा.
ओट्यावर दोनदा आपटला की पीठ खाली बसतं,
वर जागा होते,
आणि जागा दिसली की हात भरत सुटतो.
साखर बरी, एका शब्दाची.
एकशे सत्तर म्हणजे एकशे सत्तर.
रवाही फार वाद घालत नाही.
पीठ मात्र ज्याचं त्याचं ऐकतं,
बंदरावरच्या दमट वाऱ्याचंसुद्धा.

दुपारपर्यंत कागदभर आकडे जमले
आणि त्या आकड्यांचे नोकुल झाले दगड.
तुंजायने एक टेबलावर वाजवून दाखवला.
मी गप्प. बेरीज तर चुकली नव्हती.

संध्याकाळी नेझाहत हानिम आल्या,
चाळिसावा उलटल्यावर पहिल्यांदाच दुकानात.
नोकुल मोडायला गेल्या, मोडेना.
‘ग्लास कसा भरतेस, दाखव.’
दाखवला: शिगोशीग भरून, सुरीने सपाट.
‘आणि अंगठा?’

कसला अंगठा?

‘ह्यांचा. ग्लासात असायचा.
पोत्यात हात घालायचे तो असा,
चार बोटं बाहेर, अंगठा आत.
लग्नाच्या वर्षीच मी म्हटलं होतं, लोक बघतात हो.
म्हणाले, धुतलेला आहे.’

मग अंगठा आत घालून पुन्हा सगळं.
माझा लहान पडला.
त्यांनी स्वतःचा घालून पाहिला,
सांध्यात सुजलेला, नख तिरकं.
‘हा साधारण तेवढा होईल,’ म्हणाल्या,
आणि काट्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिल्या.

पिठात तो भरला बारा ग्रॅम,
रव्यात पंधरा, साखरेत सतरा.
एकच अंगठा,
दर पोत्यात त्याचं वजन निराळं.

गुरुवारपर्यंत वही उतरवून झाली.
नोकुल सुटे झाले, गिऱ्हाईकं बोलेनाशी झाली,
म्हणजे खाऊ लागली.
तुंजाय म्हणाला, बघ, मशीन चांगलंच आहे.

एक पान उरलंय, ताहिनीच्या रोटीचं.
तिथे ग्लासही नाही.
उस्तांनी पेन्सिलीने लिहिलंय:
पीठ, मावेल तितकं.
मशीनचा हिरवा चौकोन लुकलुकतोय,
आकडा द्या, आकडा द्या.

मी त्याचं बटण बंद केलं.
वरच्या फळीवरून परात काढली, अंगठी काढून ठेवली.