प्रॉम्प्टर

निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं आमची तालीम.
अंक पाचवा. बाळगोंडा विषाची बाटली
(खोकल्याच्या औषधाची, गरम पाण्यानं धुतलेली)
ओठाशी नेऊन म्हणायचा,
"प्रेम म्हणजे एका श्वासात जळून जाणं!"
आणि शिंकायचा. वखारीची धूळ.

दाईचं काम मल्लव्वाकडं.
विड्या वळून आली की
बंडलाच्या कागदावर कन्नड अक्षरांत उतरवलेलं
मराठी वाचायची, बोट फिरवत.
"पोरी, एक गेला, दुसरा बघ.
प्रेम चुलीगत असतंय,
इझलं की परत पेटवायचं."

इथंच अडायची. दर वेळी.
मी विंगेतनं कुजबुजायचो, चूल, चूल,
ती ऐकायची, आणि गप्प.
नवरा कागलच्या बाजाराला गेलेला.
सतरा वर्षं झाली त्याला.

प्रयोगाच्या रात्री नायिकेची हनुवटी धरली तिनं,
म्हणाली, "आगंगिल्लव्वा."
होत नाही गं, बाई.
अर्थ कुणी कुणाला विचारला नाही.
तंबूत नुसता कंदिलाचा आवाज.

बाळगोंडा नंतर मेला, नेहमीसारखा, झोकात.
टाळ्याही पडल्या.

मी वहीतली चूल खोडली नाही.
शेजारी तिचा शब्द लिहिला, देवनागरीत,
चुकला असेल.